साखळी, बाद फेरी आणि आमची इला

रविवार, ११ मार्च २००७, शॉमबर्ग

विनीताने लेख परत पाठवला. ती मंडळाच्या अंकाची संपादक, आणि मी गेली सहा वर्षं त्या अंकाचा अधिकृत खवचट. या वेळी मी मंडळाच्या पॉटलकवर लिहिलं होतं: वीस घरांतून एकोणीस छोले येतात, आणि पुऱ्या ज्यांच्याकडे सांगितल्या ते ट्रॅफिकमध्ये अडकतात.

"मस्त आहे रे, पण लागतं लोकांना," ती फोनवर म्हणाली. "मागच्या अंकापासून दोन घरं माझ्याशी बोलत नाहीयेत. तू एक कर, पाडव्याला वीस मिनिटं बोल. काहीतरी माहितीपूर्ण. कुणालाही न लागणारं."

म्हणून ही डायरी. दातांना काहीतरी चावायला हवं, आणि इथे संपादक नाही.

भाषणाचा विषय तयारच आहे. ऑक्टोबरपासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. इथले बेसबॉलचे संघ सहा महिने जवळजवळ रोज खेळतात, एकशे बासष्ट सामने. ही त्यांची साखळी. त्यातून आठ संघ बाद फेरीला जातात आणि महिन्याभरात निकाल लागतो. मागच्या वर्षी सेंट लुईसवाल्यांनी साखळीत त्र्याऐंशी सामने जिंकले, म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त, आणि कप घेऊन गेले. दोन हजार एकमध्ये सिॲटलवाल्यांनी एकशे सोळा जिंकले आणि अंतिम फेरीसुद्धा पाहिली नाही. विमा कंपनीत दिवसभर लोकांच्या अपघातांची शक्यता मोजणाऱ्या माणसाला हे वाचून स्वस्थ बसवेल का? बारा वर्षांचे सगळे संघ घेतले. साखळीतले विजय आडव्या रेषेवर, बाद फेरीतले उभ्या. कागदावर तांदूळ सांडल्यासारखे ठिपके पडले. संबंध जवळपास शून्य. साखळीतला सर्वांत भारी संघ बारा वर्षांत एकदाच अजिंक्य ठरलाय.

आता यातून कुणाला काय लागणार?

इलाची प्रॅक्टिस सुरू झाली. हे तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष आणि ती शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर, म्हणजे आपली बोलर, आहे. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू मोठा, फेकायचा खालून. नावातल्या 'सॉफ्ट'वर जाऊ नये, नडगीवर बसला की कळतं. मैदानावर अजून बर्फ आहे म्हणून ती गॅरेजच्या भिंतीला जुनी गादी टांगून फेकते. धप्प. धप्प. मागच्या वर्षी रीजनलमध्ये, म्हणजे शाळांच्या बाद फेरीत, तिची तिसऱ्या इनिंगला लय गेली. ओळीने वॉक दिले. वॉक म्हणजे आपल्या वाइडचा चुलतभाऊ, बॅटरला फुकटात बेस, धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा. कोचने तिला काढलं, संघ हरला. घरात तो विषय निघत नाही. गादी तेव्हापासून टांगलेली आहे.

शनिवार, २४ मार्च

भाषण जमलं. स्वतःची पाठ थोपटायला डायरीइतकी सोयीची जागा नाही, म्हणून लिहितो: हॉल हसला. हॉल म्हणजे शाळेचं जिम. बाहेर गारठा, म्हणून गुढी आत, बास्केटबॉलच्या खांबाला टेकवलेली.

मी म्हणालो, "आपण शितावरून भाताची परीक्षा करणारी माणसं. पण चार शितं तरी चाचपा! बाद फेरी म्हणजे एक शीत. ते कच्चं लागलं म्हणून अख्खं पातेलं ओतून देणारा माणूस मूर्ख." टाळ्या. "आणि साखळीत पहिला आला म्हणून बाद फेरीत जिंकेलच असं मानणं म्हणजे छत्तीस गुण जुळले म्हणून नवरा घोरणार नाही असं मानणं." बायकांच्या बाजूने जास्त टाळ्या.

नंतर जेवणाच्या रांगेत विनीता म्हणाली, "बघ, कुणालाही न लागता बोलता येतं तुला! आणि काय रे, तुमची इला म्हणे जोरात आहे? आमचा अनीश सांगत होता, शाळेच्या पेपरात फोटो आलाय."

आता पोरीचं कौतुक कुणी तोंडावर केलं तर मराठी बापाने काय म्हणायचं? 'थँक यू' म्हणायला जीभ वळत नाही. मी अमरावतीत शाळेत पहिला आलो तेव्हा आमचे अण्णा शेजाऱ्यांना म्हणाले होते, "बाकीच्यांना ताप आला असेल." आमच्याकडे दृष्ट अशीच काढतात, मीठमोहऱ्या वाया जात नाहीत.

"अगं कसलं काय," मी म्हणालो, "आमच्या इलाचं काही खरं नाही. साखळीत वाघ, बाद फेरीत शेळी."

अख्खी रांग हसली. मागून कुणीतरी 'बें' सुद्धा केलं. टायमिंग जमलं की जमतं.

श्रीखंड वाढायला इलाच होती. तिने माझ्या ताटात नीट, कडेला न सांडता वाढलं. गाडीत मागून एकदम म्हणाली, "आई, व्हॉट्स शीत?"

सुवर्णाने सांगितलं, शिजलेल्या भाताचा एक दाणा.

"ओह," इला म्हणाली.

बघा. सतरा वर्षं रोज वरणभात खाऊन पोरीला शीत माहीत नाही. तिच्याशी आपण मराठीत बोलायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, मधलं किती पोचतं देव जाणे. सुवर्णा घरी येईपर्यंत गप्प होती. श्रीखंडात केशर कमी पडलं असावं, त्या बाबतीत ती फार हळवी आहे.

रविवार, १५ एप्रिल

आतापर्यंत सगळे सामने जिंकले. मी बाकावर ब्लँकेट पांघरून स्कोअर लिहितो. माझं लिखाण इतकं नेटकं की कोच डॉनेली सामना संपला की ते पाहायला येतात. उंच, उन्हाने रापलेल्या बाई, इतिहास शिकवतात, शिट्टी गळ्यात घालूनच झोपत असाव्यात.

इतर बाप मात्र बघण्यासारखे. एकजण जाळीला नाक लावून कोचला सांगतो की माझी मुलगी फर्स्ट बेसला का नाही. दुसरा दर इनिंगनंतर ओरडतो, "दॅट्स माय गर्ल!" तिचा बॉल कुठेही जावो. मी त्यातला नाही. इलाने ओळीने तीन बॅटर बाद केले तेव्हाही मी फक्त खूण केली आणि पेन्सिलला टोक काढलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमची कुठली?" मी म्हणालो, "ती पिचर. आज नशीब बरं आहे तिचं."

इनिंग संपली की इला एकदा बाकांकडे बघते. स्कोअर नीट लिहिला जातोय ना ते बघत असावी.

शनिवार, २८ एप्रिल

आज एक मानाची गोष्ट घडली.

सामन्यानंतर कोच डॉनेलींनी मला जाळीपाशी थांबवलं. माझ्या भाषणाचं त्यांना इलाकडून कळलं होतं. म्हणाल्या, "इला सांगत होती, तिच्या बाबांनी सिद्ध केलंय की सीझनचा आणि प्लेऑफचा संबंध नसतो. फार अभिमानाने सांगत होती. मग मला सांगा, रीजनलला मी सुरुवात कुणाला देऊ? इला की केला?"

केला ही दुसरी पिचर, दोन वर्षांनी लहान. नावामुळे आमच्या घरी तिच्यावर विनोद होतात. हात चांगला आहे. सीझनचे आकडे मात्र इलाच्या जवळपासही नाहीत.

"ती तुमची मुलगी नाही असं समजून सांगू शकाल?" कोच म्हणाल्या. "कुठल्याच पालकाला मी हे विचारत नाही. तुम्ही वेगळे वाटता."

मी वेगळा. दीड महिना जाळीला नाक न लावल्याचं फळ.

मी थोडा विचार केल्यासारखं केलं. मग म्हणालो, "सीझन पाहिला तर इला. पण सीझनवरून प्लेऑफ सांगता येत नाही, हे तर मीच म्हणतो. मग प्लेऑफची माहिती म्हणून आपल्या हातात काय आहे? मागची रीजनल. तिथे इलाचे वॉक पाहा. केलाच्या नावावर असं काही नाही. केलाला सुरुवात द्या, इलाला राखीव ठेवा."

बाईंनी विचारलं, "आर यू शुअर?"

"आकडे असं म्हणतात," मी म्हणालो.

"मिस्टर देवधर," त्या म्हणाल्या, "असा बाप मी पाहिला नाही."

गाडीपर्यंत मी चार इंच उंच होतो. भारतीय बापांनी पोरींना पुढे ढकललं असं इथे कुणी म्हणणार नाही. मला जराही लाज वाटली नाही हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. का नोंदवतोय ते कळत नाही.

सोमवार, ३० एप्रिल

जेवताना इला म्हणाली, "बाबा, लास्ट इयर... वॉज दॅट मी? ऑर जस्ट बॅड लक?"

वरणाची वाटी सुवर्णाच्या हातात राहिली.

मी म्हणालो, "तुझ्या कोचला विचार बाई. मी काय सांगणार, मी पडलो बाप."

सुवर्णाने वाटी खाली ठेवली, जरा जोरात. इला "ओके" म्हणाली आणि भात कालवला.

विनोद फसला. परवा कोचपुढे मी बाप नव्हतो, आज तिच्यापुढे फक्त बाप होतो. दोन्हीकडे माझी सोय झाली. हे वाक्य लेखात चाललं असतं, इथे वाचवत नाही.

गुरुवार, १० मे

कोचने आज मुलींना सांगितलं. रीजनलला केला.

इला घरी आली, बूट काढले, मोजे गोळा करून वॉशरमध्ये टाकले. एरवी ते सोफ्याखाली सापडतात.

सुवर्णाने विचारलं, "काय झालं गं?"

"नथिंग. केला स्टार्ट करणार. कोच म्हणाली, द नंबर्स से सो."

"कुठले नंबर्स?"

"आय डोंट नो, आई. सम नंबर्स."

मी फ्रिज उघडून उभा होतो. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत राहिलो. शेवटी सुवर्णा म्हणाली, "दार लाव, नाहीतर आत जाऊन बस."

मग गॅरेजमधून धप्प, धप्प. मी टीव्हीचा आवाज वाढवला. मग कमी केला. मग बंद केला, कारण टीव्ही चालू असताना ते आणखी मोठ्याने ऐकू येत होतं.

शनिवार, १२ मे

मिलवॉकीच्या मंडळाला तेच भाषण हवंय, जूनमध्ये. सकाळी चहा घेऊन स्लाइड्स साफसूफ करायला बसलो. चौथ्या स्लाइडवर माझ्याच हाताने लिहिलेलं: 'बाद फेरी म्हणजे एक शीत. त्यावरून पातेलं ओतणारा मूर्ख.'

चहा तसाच राहिला.

बारा वर्षांचे संघ, शेकड्याने सामने, आणि मी छाती ठोकून सांगतो की एवढ्याशा बाद फेरीवरून संघाची पारख होत नाही. आणि स्वतःच्या पोरीची पारख कशावरून केली? मागच्या मे महिन्यातल्या एका दुपारच्या अडीच इनिंगवरून. ऑफिसात एखाद्या नवशिक्याने असा निष्कर्ष आणला असता तर मी तो मीटिंगमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला असता, आवाज काढून. आणि केलाच्या नावावर बाद फेरीतलं वाईट काही नाही, कारण ती बाद फेरीत खेळलीच नाही! ज्याने गाडी कधी चालवलीच नाही त्याच्या नावावर अपघात कसा असेल? त्याला सुरक्षित ड्रायव्हर ठरवणाऱ्याला आमच्याकडे दाराबाहेर काढतात.

ही चूक मला कळत नव्हती असं नाही. मी पोट भरतो ती चूक न करण्यावर.

मग केली का? इथे तीन वेळा काही लिहून खोडलं. चौथ्यांदा: 'असा बाप मी पाहिला नाही' हे ऐकायला फार गोड लागलं म्हणून.

कोचला ईमेल लिहिली. 'माझ्या विश्लेषणात त्रुटी होती.' मग वाटलं, बाई म्हणतील, शेवटी हाही जाळीला नाक लावणाराच निघाला, फक्त उशिरा आला. आणि हे इलाला कळलं तर? ईमेल पुसली. म्हणजे लाज केल्याची कमी आणि कळण्याची जास्त. आपली लाज अशी बाहेरून कुणी बघितलं तरच चालू होते, दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दारासारखी.

रविवार, २० मे

इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये सुवर्णाला सांगितलं. घरी सांगण्याची हिंमत नव्हती. पार्किंगमध्ये माणूस फार ओरडू शकत नाही.

ती ओरडली नाही. कढीपत्त्याची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

"तिला माहितीये?"

"नाही."

"आणि ते 'शेळी'?"

"कुठली शेळी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सीटबेल्ट लावून घेतला, गाडी उभी असताना.

"ते ती विसरली असेल," मी म्हणालो. "आणि तिला कळलं तरी कुठे, शीत म्हणजे काय ते माहीत नाही तिला."

"शैलेंद्र," ती म्हणाली, "तुझ्या भाषणातला एकच शब्द तिला अडला. तो तिने विचारला."

मी सीटबेल्ट काढला आणि परत लावला.

"कोचशी काय बोलायचं ते बोल किंवा नको बोलू," सुवर्णा म्हणाली. "आधी तिला सांग. दुसऱ्याकडून कळायच्या आत. आजच."

आज सांगितलं नाही. तिची कॅल्क्युलसची परीक्षा आहे उद्या.

मंगळवार, २२ मे

रीजनलचा पहिला सामना, केला, जिंकलो. सामन्याच्या दिवशी काय सांगायचं? सांगितलं नाही.

गुरुवार, २४ मे

तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. दार उघडं होतं. ती पलंगावर बसून ग्लोव्हला तेल चोळत होती.

"बाबा? समथिंग?"

"गाडीत पेट्रोल आहे का विचारायचं होतं."

"देअर इज."

शनिवार, २६ मे

हे सावकाश लिहितो.

रीजनलची फायनल. केलाने काय पिचिंग केलं! खरंच सांगतो, मनापासून केलं पोरीने. सातही इनिंग तिनेच. तीन-एक. इला पूर्ण वेळ डगआउटमध्ये उभी राहून ओरडत होती, सगळ्यांत मोठ्याने, केलाच्या नावाने. मधूनमधून बाजूला जाऊन हात मोकळा करत होती, न जाणो बोलावलं तर. बोलावलं नाही.

आणि मी? प्रत्येक बॅटरला मी दोन गोष्टी मागत होतो. केला चुकावी म्हणजे इलाला चेंडू मिळेल. केला चुकू नये म्हणजे मी बरोबर ठरेन. एकाच वेळी. देवाने माझा अर्ज नक्कीच बाजूला ठेवला असेल.

जिंकल्यावर मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. पालक मैदानात उतरले. आणि कोच डॉनेली माझ्या दिशेने चालत आल्या, हातात सामन्याचा चेंडू. मी मान हलवत होतो, नको, नको. त्यांना तो विनय वाटला. आमचं हे असंच आहे, नको म्हटलं की विनय दिसतो.

"मुलींनो, इकडे!" त्यांनी शिट्टी वाजवली. "हा चेंडू मिस्टर देवधरांना. केलाला सुरुवात द्या हे मला यांनी सांगितलं. स्वतःची मुलगी पिचर असताना! यांनी आधी संघाचा विचार केला. मी वीस वर्षांत असा बाप पाहिला नाही."

टाळ्या. जाळीला नाक लावणारा तो बाप येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मला नसतं जमलं हे." खरं बोलला.

माझ्या हातात चेंडू होता आणि समोर इला. ती टाळ्या वाजवत होती. तिचं बघून बाकीच्या मुली आणखी जोरात वाजवायला लागल्या. अशा वेळी चेहऱ्याचं काय करायचं असतं, हे मला पन्नाशीत येत नाही आणि तिला सतराव्या वर्षी येत होतं.

गाडीत ती मागे बसली. पुढची सीट रिकामी होती, सुवर्णा लॅबमध्ये ड्यूटीवर. मी म्हणालो, "इला, मी तुला सांगणार होतो."

तिने सीटबेल्ट लावला.

"माझी आकड्यांची चूक झाली. तू... तुझा सीझन..."

सिग्नल लागला. मागून आवाज आला. मराठीत. एकही अक्षर न अडखळता, माझ्याच चालीत, मी जिथे थांबलो होतो तिथेच थांबून:

"आमच्या इलाचं काही खरं नाही. साखळीत वाघ, बाद फेरीत शेळी."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मग आणखी एकाने.

रविवार, २७ मे

गॅरेजमध्ये आवाज नाही.

सकाळी जाऊन पाहिलं. गादी काढून, गुंडाळून, दोरीने बांधून रिसायकलच्या डब्याशेजारी ठेवलेली. मी ती परत आत आणली. नंतर वाटलं, ही तरी तिला विचारून आणायला हवी होती.

बुधवार, ३० मे

पुढची फेरी. केलाला पहिल्या इनिंगपासून झोडपलं. मी आज स्कोअर लिहिला नाही, वही घरी ठेवली. बाकाच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसलो.

सामना हातातून गेल्यावर कोचनी इलाला बोलावलं. इला चेंडू घेऊन केलाशी काहीतरी बोलली, केला हसली, रडतारडता. मग इलाने उरलेल्या इनिंग टाकल्या. एकही वॉक नाही. एकालाही बेस नाही.

यावरून काही सिद्ध होत नाही. समोरचा संघ जिंकलेलाच होता, त्यांनी राखीव मुली उतरवल्या होत्या, आणि नमुना चिमूटभर. हे मला माहीत आहे. आणि तरी मला उठून त्या जाळीला नाक लावावंसं वाटत होतं, दात लावावेसे वाटत होते, ओरडावंसं वाटत होतं, सिद्ध होतं, होतं सिद्ध!

ओरडलो नाही. सवय नाही. तोंड उघडलं आणि खोकला आला.

शेवटचा बॅटर बाद झाल्यावर इलाने सवयीने बाकांकडे पाहिलं, खालच्या, माझ्या नेहमीच्या जागेकडे. तिथे दुसरंच कुणीतरी बसलं होतं. मी वरून हात हलवला. तिने पाहिलं की नाही कळलं नाही.

इतके दिवस मला वाटायचं ती स्कोअरची वही बघते.

रविवार, १० जून

इलाच्या ग्रॅज्युएशनची पार्टी. मिलवॉकीचं भाषण मी रद्द केलं. त्यांना कारण सांगितलं घसा. बॅकयार्डमध्ये तंबू, मंडळातली पंधरा घरं, आणि हो, छोले. कोच डॉनेली पण आल्या, पाणीपुरी खाऊन रडल्या आणि परत मागितली.

इला माझ्याशी बोलते. वाईट काही नाही, व्यवस्थित बोलते. 'येस बाबा', 'नो बाबा', 'थँक यू बाबा'. बँकेतल्या बाईइतकी व्यवस्थित. परवा मी तिच्या खोलीत जाऊन माफी मागितली. नीट, विनोद न करता, अगदी 'शेळी'पर्यंत सगळ्याची. ती म्हणाली, "इट्स फाइन." मी म्हणालो, "फाइन नाहीये." ती म्हणाली, "आय नो." एवढंच.

तर आज. ती टेबलामागे उभी राहून मसालेभात वाढत होती. मी रांगेत. माझ्या पुढे विनीता, मागे नेहमीची मंडळी, पाडव्याचीच रांग म्हणा ना.

"काय रे शैलेंद्र," विनीता वळून मोठ्याने म्हणाली, "सॉफ्टबॉलचं काय झालं शेवटी? तुमची वाघीण कुठपर्यंत गेली?"

रांग माझ्याकडे वळली. हसायच्या तयारीत. सहा वर्षांत मीच लावलेली सवय. माझं तोंड उघडलं की यांचे ओठ आपोआप ताणले जातात. आणि वाक्य तयारही होतं, एक नाही, तीन तयार होती, जिभेच्या टोकाशी रांग लावून. सगळी चांगली. एक तर फारच चांगलं होतं.

मी म्हणालो, "इला उत्तम खेळते."

कुणी हसलं नाही. सगळे थांबले. विनीताच्या भुवया वर गेल्या, तशाच राहिल्या. ते पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

"उत्तम पिचर आहे," मी म्हणालो. "बाद फेरीत तिला सुरुवात मिळाली नाही, ती माझ्यामुळे. मी कोचला चुकीचं सांगितलं."

"म्हणजे?" विनीता म्हणाली. आणि मग, थोडं हसून, वाट करून देत, "नाही, पण पुढे काय?"

"पुढे काही नाही."

मागचा कुणीतरी घसा खाकरून पापड घ्यायला गेला. माझे कान तापले होते. खरं सांगतो, सगळी शेळी-शेळी करून हसली होती तेव्हा मला इतकी लाज वाटली नव्हती. पोरीला चांगलं म्हणताना वाटली. माणूस कसा घडवलाय बघा.

रांग पुढे सरकली. मी ताट पुढे केलं. इलाने माझ्याकडे पाहिलं नाही. मसालेभाताचा डाव भरला, ताटात वाढला, कडा नीट केल्या. मग डावाच्या टोकाला चिकटून राहिलेला एक दाणा तिने बोटाने काढून माझ्या ताटात, भातापासून वेगळा, ठेवला.

"हे एक शीत झालं, बाबा," ती म्हणाली. मराठीत.

आणि मागच्याला विचारलं, "काका, तुम्हाला किती वाढू?"